नेट गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

आईचा सकाळी सातला क्लास असतो. संस्कृत, नववी-दहावीची आठ मुलं, त्यातल्या दोघी बहिणी दुबईला राहतात म्हणजे त्यांच्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात, तरी त्या केस विंचरून वह्या घेऊन कॅमेऱ्यासमोर बसलेल्या असतात. आई वाईला, हायस्कूलमधून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण शिकवणं काही सुटलं नाही आणि सुटूही नये असं मला मनापासून वाटतं. तर दिवाळीनंतर हा क्लास बंद पडायची वेळ आली होती. रोज साडेसातच्या सुमारास मला पुण्यात फोन, "अगं, नेट गेलं परत." आणि एक दिवस ती म्हणाली, "मलाच बहुतेक आता जमत नाही, बंद करते." ते वाक्य मला फार लागलं. मशीन बिघडलंय आणि माणूस म्हणतोय की मीच कमी पडते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय, कुणाच्या तरी आईला, काकांना उपयोगी पडेल.

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चौदा वर्षं काम करते, साठ मशीन, त्यामुळे ब्राउझर क्रॅश होणं, पेज न उघडणं हे माझं रोजचंच. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय की "नेट गेलं" हे तीन-चार वेगवेगळ्या दुखण्यांचं एकच नाव आहे. ताप आला म्हटल्यावर डॉक्टर जसे आधी विचारतात थंडी वाजते का, घसा दुखतो का, तसं इथं आधी विचारायला हवं की नक्की काय दिसलं स्क्रीनवर. खिडकीच नाहीशी झाली? का खिडकी आहे पण आत फक्त एक टॅब मेला आणि "ऑ, स्नॅप" असं काहीतरी आलं? का सगळं जागच्या जागी आहे पण पेज फिरतंच आहे? पहिली दोन क्रॅशची लक्षणं, त्यात नेटचा बहुतेक वेळा संबंध नसतो. तिसरं कनेक्शनचं. हे वेगळं केल्याशिवाय हात लावू नये.

आमच्याकडे नेमकं उलटं झालं. मी फोनवर हे नीट विचारायच्या आधीच तीन आठवड्यांत नेटवाल्या कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला, फायबरचं टोक बदलून गेला. बाबांनी १०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २०० चा घेतला. शेजारच्या काकांनी कॅश, कुकीज, हिस्टरी सगळं पुसून दिलं आणि त्या भरात सेव्ह केलेले पासवर्डही गेले. मग एका दुकानात मशीन नेलं, त्यांनी ठरलेलं उत्तर दिलं, फॉरमॅट मारू. मारलं. आईच्या नोट्स डी ड्राइव्हला होत्या म्हणून वाचल्या, पण बुकमार्क गेले, मराठी टायपिंगची सेटिंग गेली, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी परत तेच. फॉरमॅट हा शेवटचा उपाय असतो, पहिला नाही, आणि बिघाड काय आहे हे न बघता फॉरमॅट मारणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण त्याने पुरावाच पुसला जातो.

मग मी आईला एकच काम सांगितलं. एक वही घे, आणि जे होईल ते वेळेसकट लिही, "नेट गेलं" हे शब्द न वापरता. शिक्षिकाच ती, तिनं समास सोडून, रेघा आखून लिहिलं. आठवडाभराने मी गेले तेव्हा ती वही समोर ठेवली. सोमवार ६:५१, चित्र थिजलं, "तुम्ही ऑफलाइन आहात" आलं, दोन-अडीच मिनिटांनी आपोआप सुरू. सोमवार ७:२४, बोलता बोलता खिडकी नाहीशी, परत उघडली तर लगेच चालू. मंगळवार ६:५३, चित्र थिजलं. बुधवार ६:५०, चित्र थिजलं. बुधवार ७:४०, एक पान मेलं, बाकी ठीक. बुधवार सायंकाळी ४, एक्सेल बंद पडलं (मुलांची फी लिहीत होते). गुरुवार ६:५४.

वाचताना अंगावर काटा आला मला. दोन वेगळे आजार स्वच्छ दिसत होते. एक रोज पावणेसातनंतर पाच-दहा मिनिटांच्या आत येणारा, दोन मिनिटांचा, कनेक्शनचा. दुसरा कधीही येणारा, क्रॅशचा, आणि तो फक्त ब्राउझरलाच नाही तर एक्सेललाही. तीन आठवडे सगळे एकच चोर शोधत होते आणि चोर दोन होते, म्हणून कुठलाही उपाय लागू पडला असता तरी कळलंच नसतं.

आधी सकाळचं घेतलं. शुक्रवारी साडेसहालाच मशीनसमोर बसले. काळ्या खिडकीत, म्हणजे स्टार्टमध्ये सीएमडी टाइप केलं की जी उघडते तिच्यात, दोन पिंग, म्हणजे "आहेस का" अशी सारखी हाक मारून उत्तर येतं का बघणारी कमांड, चालू ठेवले. एका खिडकीत राउटरला, आमच्याकडे १९२.१६८.१.१, आणि दुसरीत बाहेरच्या, गूगलच्या सर्व्हरच्या ८.८.८.८ या पत्त्याला, दोन्हींच्या शेवटी डॅश टी म्हणजे थांबवेपर्यंत चालू राहतं. ही युक्ती फार साधी आहे पण तिच्याने निम्मं निदान होतं. राउटरच उत्तर देईना झाला तर दुखणं घरातलं, वायफाय किंवा वायर किंवा राउटर स्वतः. राउटर उत्तर देतोय पण बाहेरचं देत नाही तर लाइनचं, मग खुशाल कंपनीला फोन करा. दोन्ही उत्तरं येतात पण साइटचं नाव टाकलं की उघडत नाही तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी जी यंत्रणा असते ती अडकली, ती सेटिंगमध्ये जाऊन बदलता येते. आणि सगळी पिंग व्यवस्थित, दुसऱ्या ब्राउझरमध्ये साइट उघडते, फक्त एकातच उघडत नाही, तर त्या ब्राउझरमध्येच बघायचं.

हे शेवटचं कुणाला खरं वाटत नाही म्हणून सांगते, १३ जानेवारी २०२२ ला जगभर फायरफॉक्सच्या खिडक्या उघडत होत्या पण एकही पेज येत नव्हतं. लोकांनी राउटर बंद-चालू केले, नेटवाल्यांना शिव्या घातल्या. नेट ठणठणीत होतं. विनंतीसोबत जाणाऱ्या एका हेडरचं, म्हणजे माहितीच्या ओळीचं, नाव एका ठिकाणी कॅपिटल अक्षरांनी अपेक्षित होतं आणि ते स्मॉल अक्षरांत गेलं, त्यामुळे एचटीटीपी-३ च्या, म्हणजे पेज मागवायच्या नव्या पद्धतीच्या, कोडमध्ये तेच तेच परत करणारा एक लूप संपेचना, आणि फायरफॉक्सच्या सगळ्या विनंत्या ज्या एका थ्रेडवरून, म्हणजे कामाच्या एकाच रांगेतून, जातात तोच अडकून बसला. पलीकडे सर्व्हरची सेटिंग बदलली तेव्हा सुटलं. आमच्या लॅबमध्ये तेव्हापासून प्रत्येक मशीनवर दोन वेगळ्या जातीचे ब्राउझर ठेवतो, एक क्रोमच्या घराण्यातला आणि एक फायरफॉक्स. एज किंवा ब्रेव्ह घेऊन उपयोग नाही, ते आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोमचाच पाया, आहेत, त्यामुळे तुलना होत नाही.

तर वाईला परत. ६:५२ ला पिंगच्या ओळी थांबल्या. दोन्ही खिडक्यांत. म्हणजे राउटरच गेला. मी पळत हॉलमध्ये गेले आणि बघते तर राउटरचे सगळे दिवे विझून परत एकेक लागत होते, आधी पॉवर, मग तो लुकलुकणारा पॉन, म्हणजे फायबरच्या जोडणीचा, मग शेवटी इंटरनेटचा. लॉसचा लाल दिवा लागलाच नव्हता, तो लागला तर फायबर तुटली-दुमडली समजायचं. हा राउटर पहिल्यापासून सुरू होत होता, कुणी स्विच बंद करून चालू करावा तसा. घरात लाईट मात्र गेली नव्हती. मी तशीच उभी राहिले आणि मागच्या बाजूने आवाज ऐकू आला, पाण्याची मोटर.

नगरपालिकेचं पाणी पावणेसातला येतं. बाबा त्याच वेळी उठून खालच्या टाकीतून वर पाणी चढवायला मोटर लावतात, रोज, गेली कित्येक वर्षं. मोटर सुरू होताना पहिल्या क्षणी नेहमीपेक्षा कित्येक पट करंट ओढते, तेवढ्यापुरतं व्होल्टेज पडतं, ट्यूबलाइट जरा डोळा मारते आणि झालं. माणसाच्या लक्षातही येत नाही. पण राउटरच्या त्या छोट्या बारा व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरला तेवढा झटका पुरतो. आणि कॉम्प्युटर का बंद पडत नव्हता? तो यूपीएसवर आहे. म्हणून सगळ्यांना वाटायचं लाईट आहे, मशीन चालू आहे, म्हणजे नेटच गेलं. कंपनीचा माणूस दर वेळी अकरानंतर यायचा, तेव्हा मोटर बंद, त्याला सगळं हिरवंगार दिसायचं, त्याची तरी काय चूक.

खात्री करायला राउटरच्या पेजवर गेले. ब्राउझरमध्ये तोच १९२ वाला नंबर टाकायचा, राउटरच्या खाली चिकटवलेल्या स्टिकरवर नाव-पासवर्ड असतो. तिथं स्टेटसमध्ये अपटाइम म्हणून एक ओळ असते, राउटर किती वेळ सलग चालू आहे ती. आमचा दाखवत होता ४ मिनिटं. ही एक ओळ पहिल्याच दिवशी कुणी बघितली असती तर! तुमचं कनेक्शन सारखं जात असेल तर आधी ही ओळ बघा. अपटाइम पंधरा दिवस दाखवत असेल तर राउटर बंद पडत नाहीये, लाइनकडे किंवा वायफायकडे वळा. आणि काल रात्री बंद केला नव्हता तरी दोन-तीन तास दाखवत असेल तर राउटरला करंट कुठून मिळतोय ते बघा.

मोटर इतकी वर्षं लावतात मग आत्ताच का, हा प्रश्न बाबांनीच विचारला आणि तो बरोबरच होता. म्हणून वायरमनला बोलावलं. तो आईचाच जुना विद्यार्थी निघाला, "बाई, तुम्ही बसा, मी बघतो" म्हणत त्याने हॉलचा बोर्ड उघडला. न्यूट्रलची वायर स्क्रूमधून सैल झाली होती आणि तिचं टोक काळं पडलं होतं, प्लास्टिक कडक होऊन सोललं गेलं होतं. मी ते टोक हातात घेऊन बघितलं, जळक्या फटाक्यासारखा वास येत होता. त्याने वायर मागे कापून नवी सोलून घट्ट बसवली, तो पॉइंट बदलला आणि म्हणाला की हे अजून दोन महिने राहिलं असतं तर बोर्ड पेटला असता. क्लास वाचवायला गेलो आणि घर वाचलं, असं बाबा त्या दिवसापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

शिवाय राउटरला एक छोटा मिनी यूपीएस घेतला. हे घेताना अ‍ॅडॅप्टरवर छापलेलं वाचून घ्या, आमचा १२ व्होल्ट १ अँपियर, काहींचे ९ व्होल्टचे असतात, पिनही वेगळी असू शकते. चुकीचं लावलं तर राउटरच जातो.

आता दुसरा चोर. क्रॅश.

क्रॅशच्या वेळी मी बघते ती पहिली गोष्ट म्हणजे तो एका जागी होतो का. ठराविक साइट उघडल्यावरच, व्हिडिओ लावल्यावरच, ठराविक एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला जादा छोटा प्रोग्रॅम, चालू असतानाच होत असेल तर काम सोपं असतं. इन्कॉग्निटो खिडकी उघडून तेच करून बघायचं, तिथं एक्स्टेंशन सहसा बंद असतात आणि कुकीज कोऱ्या, त्यात नीट चाललं तर दोघांपैकीच कुणीतरी. फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून धरून उघडलं की ट्रबलशूट मोड येतो, तेच काम. व्हिडिओवर मरत असेल तर सेटिंगमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे चित्राचं काम ग्राफिक्स चिपवर टाकणं, बंद करून बघायचं, त्याने थांबलं तर दोष त्या चिपला चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा. सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरलाय का तेही बघायचं, हे लोक विसरतात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर नक्की कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत शून्यापासून.

पण आईचा क्रॅश कुठल्याच जागी बसत नव्हता. क्रोममध्ये झाला, फायरफॉक्स घालून दिला त्यातही झाला. विंडोजमध्ये रिलायबिलिटी हिस्टरी म्हणून एक पान आहे, स्टार्टमध्ये रिलायबिलिटी टाइप केलं की मिळतं, फारसं कुणाला माहीत नाही पण मला ते सगळ्यात आवडतं. तारखेवार तक्ता येतो आणि जे जे बंद पडलं त्याच्यासमोर लाल फुली. आमच्याकडे फॉरमॅटनंतरच्या काळात ब्राउझरच्या फुल्या भरपूर, पण एक एक्सेलची, एक फोटो बघायच्या प्रोग्रॅमची, आणि एकदा अख्खं विंडोजच निळ्या स्क्रीनवर गेलेलं. वेगवेगळे प्रोग्रॅम, वेगवेगळी कारणं, कशाचा कशाला मेळ नाही. असं दिसलं की मी सॉफ्टवेअर सोडून देते आणि रॅमकडे जाते, म्हणजे चालू कामं जिथं ठेवली जातात त्या मशीनच्या तात्पुरत्या मेमरीकडे. ब्राउझर सगळ्यात जास्त क्रॅश का होतो तर घरच्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त रॅम तोच खातो, क्रोम २००८ साली आला तेव्हापासून टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये टाकायची पद्धत रुळली, फायरफॉक्सने ती नंतर घेतली, त्यामुळे एक पान मेलं तरी बाकीची जगतात हे खरं, पण रॅम भरपूर पसरून वापरली जाते. खराब जागेवर पाय पडायची शक्यता त्याचीच जास्त.

पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम घालून रात्री लावून झोपले. विंडोजची स्वतःची मेमरी टेस्टही असते आणि ती सोपी आहे, पण मला लॅबमध्ये असा अनुभव आलाय की ती कधीकधी सगळं ठीक म्हणून सोडते आणि मेमटेस्ट पकडतो. पहाटे उठून बघितलं तर निळ्या स्क्रीनवर लाल ओळीच ओळी.

मशीन २०१४ चं, जोडून घेतलेलं, त्यात रॅमच्या ४ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर ३ या जुन्या प्रकारच्या. वायर काढली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलेला करंट निघून जातो, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून पट्ट्या बाहेर काढल्या. सोनेरी दातांवर करडा थर होता. आईच्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घेऊन सावकाश, एकाच दिशेने घासलं, दात चकचकीत झाले, खोडरबराचा चुरा ब्रशने झटकला. चुरा स्लॉटमध्ये जाऊ द्यायचा नाही, म्हणून हे मशीनपासून लांब करायचं. कितीतरी वेळा एवढ्यानेच काम होतं. मग एकेक पट्टी एकटीच लावून परत टेस्ट. पहिली तासन् तास स्वच्छ. दुसरीला दहा मिनिटांत लाल. स्लॉट बदलून बघितला, तरी तिलाच लाल. पट्टी गेलेलीच होती, खोडरबराने भरून येण्यासारखी नव्हती.

तशीच दुसरी जुनी पट्टी पुण्यातून साडेपाचशेला आणली, ती आधी लॅबमध्ये रात्रभर तपासली आणि मगच वाईला पाठवली. तोपर्यंत आईने एकाच पट्टीवर, चार जीबीत, फक्त क्लासची एक खिडकी उघडी ठेवून शिकवलं, जरा हळू चाललं पण एकदाही खिडकी नाहीशी झाली नाही.

जाता जाता एक घड्याळाचं. दरवर्षी जूनमध्ये सुट्टी संपून लॅब उघडली की दोन-तीन मशीनवर प्रत्येक साइट "हे कनेक्शन खाजगी नाही" म्हणते. मुलं म्हणतात हॅक झालं. उजव्या कोपऱ्यात तारीख बघायची, ती कुठल्यातरी जुन्या जानेवारीत गेलेली असते. साइटच्या सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, मशीनचं घड्याळ त्याच्या बाहेर गेलं की ब्राउझर अडवणारच. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो, तो बदलायचा आणि तारीख लावायची. आईच्या मशीनमध्येही तो सेल २०१४ चाच होता, हात लागलाच होता म्हणून बदलून टाकला.

वही अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात तिने फोटो पाठवला, ६:५२ मोटर सुरू, काही झालं नाही, आणि पुढे बरोबरची खूण. खाली मात्र एक नवीन नोंद होती, रविवार ७:१५, तीन मिनिटं ऑफलाइन, राउटरचा अपटाइम १९ दिवस, लाल दिवा लागला होता. मी पुण्यात झोपेतून उठायच्या आत तिने ती ओळ जशीच्या तशी कंपनीला कळवली होती, तक्रार नंबरही वहीत उतरवून घेतला होता आणि दुबईच्या मुलींना मेसेज टाकला होता, पाच मिनिटं थांबा, लाइनचं आहे, आपलं नाही.